नाना शेत वेचतोय

भानुमती आत्याबद्दल लिहायचं तर आधी एक गोष्ट साफ सांगते. ती प्रेमळ नव्हती. गेलेल्या माणसांना घरचे लोक हळूहळू प्रेमळ करून टाकतात, तसं तिचंही झालंय; आमच्या नातवंडांना विचारा, ती म्हणतील आत्याआजी फार मायाळू. काही मायाळू नव्हती. ती संशयी होती. सकाळी उठून दात घासायच्या आधी संशय घ्यायची. दूध पातळ का, कुत्रं रात्रभर गप्प का, वाटेवर पायाचा ठसा कोणाचा.

शेत सिमरोलच्या पुढे होतं, इंदूरचा रस्ता घाट उतरून निमाडात जातो त्याच्या जरा अलीकडे. आमचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते, त्या नोकरीपायी मिळालेला तो तुकडा. काळी जमीन, एक विहीर, दोन आंबे आणि मातीचं घर. आत्या लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा तिला जुन्या इंदुरातल्या आमच्या घरी जिन्याखालची खोली मिळाली. त्या खोलीत ती काही वर्षं वाती वळत बसली. मग आजोबा शेतावर राहायला गेले तेव्हा त्यांचं जेवणखाण बघायला म्हणून तिला नेलं, आणि आजोबा वारले तरी ती परत आली नाही. जमीन कागदावर तिला आक्का म्हणणाऱ्या दोघा भावांची: थोरले माझे वडील जयसिंगराव आणि धाकटे नानासाहेब. राबणारी मात्र आत्या.

तिची शेती म्हणजे पहारा होता. पेरताना पाभरीमागे चालायची, बी कोणी कनवटीला लावतंय का बघायला. ज्वारी निसवली की पाखरांवर लक्ष, आणि पाखरं हाकणाऱ्यांवर जास्त. भुईमूग खणून खळ्यावर रास पडली की राखेत बुडवलेल्या लाकडी ठशाने त्या राशीवर चारी बाजूंनी छाप मारायची. सकाळी ठसा जरा विस्कटलेला दिसला की घरातल्या मांजरीपासून चौकशी सुरू. आणि कापूस. कापसाच्या बाबतीत तर विचारूच नका. वेचणाऱ्या बायकांना मजुरी वजनावर, म्हणून बायकांना दवात वेचायचा असायचा. ओला कापूस जड भरतो. आत्या उन्हं वर येईपर्यंत कोणाला शेतात पाय टाकू द्यायची नाही. मग प्रत्येकीच्या ओटीतला मूठभर कापूस उचलून स्वतःच्या गालाला लावून बघायची, गार लागतो का म्हणून. बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या. त्यांनी तिचं नाव गालवाली बई ठेवलं होतं, आणि ते तिला माहीत होतं.

त्या वर्षी, म्हणजे मध्यभारताचं राज्य होऊन चारेक वर्षं झाली असतील, श्रावणात एक निमाडी जोडपं घाट चढून वर आलं. खाली पाऊस दगा देऊन गेला होता. नवरा मोट हाकायला राहिला, बायको निंदणीला. तिचं नाव गंगा. आत्याने तिची गंगूबाई केली. मालवी बोलणं आत्याला अंगवळणी पडलेलं होतं, बाजारहाट, भांडण सगळं ती मालवीत करायची. पण गंगूबाईचं निमाडी वेगळं. निम्मं समजायचं, निम्मं आत्या स्वतःच्या मनाने भरून घ्यायची. आणि आत्याने मनाने भरलेलं म्हणजे काय असणार हे सांगायला नको. गंगूबाई गाणं म्हणत निंदायची, तर ते गाणं म्हणजे दुसऱ्या कोणाला इशारा आहे असा आत्याचा वहीम.

आता इंदूरची बाजू. त्या दिवसांत एक कायद्याची हवा सुटली होती. जो कसतो त्याची जमीन. कायद्यात नेमकं काय लिहिलंय ते वाचलेलं कोणी नव्हतं, पण इंदुरातल्या प्रत्येक मराठी घरात, ज्याच्याकडे वाडवडिलांचा म्हणून बित्ताभर तुकडा होता, तिथे एकच बोलणं: हाळीला, म्हणजे सालदाराला काढा, बटाईदाराला काढा, नाहीतर उद्या तो तुम्हाला काढेल. नानाकाकांनी ही हवा सगळ्यांत जास्त खाल्ली. आक्का एकटी बाई, तिथे निमाडी माणूस मोट हाकतोय, उद्या तो म्हणेल मीच कसतो. त्यापेक्षा विकून मोकळं व्हावं.

आणि नानाला मोकळं रानही होतं. राज्याच्या राजधान्या दोन, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. बाबा कचेरीत, त्यामुळे दसरा झाला की बिछाना बांधून कचेरीबरोबर ग्वाल्हेरला जायचे. जाताना नानाने विषय काढला, बाबा म्हणाले, ‘तू बघ.’ माझे वडील म्हणून मी हे झाकणार नाही. ‘तू बघ’ म्हणजे कर, फक्त मला सांगू नकोस. आक्काला सांगायचं कोणी, यावर दोघांचंही बोलणं झालं नाही. तिची जिन्याखालची खोली मात्र नानाने चुना लावून घेतली. आम्हाला वाटलं कोळसा ठेवायला.

मार्गशीर्षात नाना शेतावर गेले. बरोबर एक शेटजी, कापसाचे व्यापारी, अंगात बंद गळ्याचा कोट. नानाने आत्याला सांगितलं, मित्र आहेत, हवा खायला आलेत. त्या मित्राने ढेकूळ उचलून फोडलं, वास घेतला, विहिरीचं पाणी ओंजळीने पिऊन बघितलं आणि नानाला बांधावरून चालवत कोपऱ्यापर्यंत नेलं. आत्या हे सगळं ज्वारीच्या आडून बघत होती. तिला संशय आला, अर्थातच. तिला वाटलं हा पटवाऱ्याने धाडलेला माणूस. मग वाटलं, पाणी चाखतोय म्हणजे वरच्या शेतवाल्याला आपल्या विहिरीतून पाट हवाय. मग वाटलं, हा भाचीला, म्हणजे मला, मागणी घालायला आलाय आणि हुंड्यात काय मिळेल ते मोजतोय. एवढे सगळे संशय तिने घेतले. खरा तेवढा राहिला.

संक्रांतीच्या सुटीत मी शेतावर गेले तेव्हा तिने पाणीसुद्धा विचारायच्या आधी मला एक गंमत सांगितली. नाना येऊन गेल्यावर दोन दिवसांनी गंगूबाई कापूस वेचता वेचता तिच्याजवळ आली, इकडे तिकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, ‘बई, नानासाब खेत वेची रह्याज.’

आत्या सांगताना पुन्हा हसली. आमच्याकडे कापसाच्या दिवसांत शेत वेचलं असंच म्हणतात. वरचं शेत वेचून झालं, आता खालचं. म्हणजे नाना शेत वेचतोय. नानाकाका, ज्यांना जोडे घालायलासुद्धा दुसरा माणूस लागतो.

‘मी म्हटलं तिला, वाकला तर धोतर सुटेल त्याचं,’ आत्या म्हणाली. ‘किती खुशामत करावी माणसाने? मालक दोन घटका बांधावर उभा राहिला तर म्हणे शेत वेचतो. बघ हं पोरी, ही बाई नानाच्या मर्जीत शिरू बघतेय. हिचं काहीतरी आहे.’

आणि खरोखरच त्या दिवसापासून गंगूबाईचं काहीतरी होतं. कामाला उशिरा येऊ लागली. रस्त्याने जाणाऱ्या गाडीवाल्यांशी उभी राहून बोलायची. तिचा नवरा एकदा मोट अर्धी सोडून सिमरोलला गेला. मंगळवारच्या हाटाला तर ती न विचारता जायची, डोक्यावर झाकलेली टोपली. आत्याने मला घरात बोलावून हे सगळं असं सांगितलं जणू दरोड्याचा कट फुटलाय. टोपलीत कापूस जातोय. नाहीतर तूर. नाहीतर दोन्ही. पुढच्या मंगळवारी हिला रंगेहाथ धरायची आणि नवऱ्यासकट घाटाखाली पाठवायची, हे ठरलं होतं. मी म्हटलं, अगं मग मोट कोण हाकणार, हरभरा वाळेल. तर म्हणाली, वाळला तरी चालेल, चोरीचं पाणी नको. मी पुस्तक उघडून बसले.

मंगळवारी दुपारी आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला आंब्याखाली बसलो. आत्याने हातात ऊस घेतला होता, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं सहज बसल्यात. हाटाहून माणसं परतत होती. गंगूबाई आली. टोपली डोक्यावर नव्हती, काखेत होती, आणि पालथी. हातात मिठाची पुडी आणि मनगटात नव्या काचेच्या बांगड्या.

आत्या उठून तिच्या वाटेत आडवी आली. कुठे गेली होतीस, काय नेलं होतंस, ही बांगडी कशातून आली, सगळं एका दमात. गंगूबाई घाबरली नाही. तिने टोपली पुढे करून दाखवली. तळाला बोरांचे दोन देठ चिकटले होते.

‘बोर वेचीन आई, बई.’

‘बोरं वेचून आलीस?’ आत्या म्हणाली. ‘मग बोरं कुठायत? वेचून आणणाऱ्याची टोपली भरलेली असते. तुझी रिकामी. मला काय बावळट समजतेस?’

‘वेची दिया नी,’ गंगूबाई म्हणाली, आणि मिठाची पुडी वर करून दाखवली. तिलाच आता बाई बावळट आहे की काय अशी शंका येत होती. ‘सब वेची दिया. नूण लाई.’

मालवी माणूस बेचणो म्हणतो. घाटाखाली निमाडात तेच वेचणो. विकणं. हे मला कळायला थोडा वेळ लागला. आत्याला माझ्याआधी कळलं, ते मी तिच्या तोंडावर बघितलं. तिने बोरांच्या देठांकडे बघितलं, मग मिठाकडे, मग रस्त्याच्या पलीकडे आपल्या शेताकडे. हातातला ऊस खाली ठेवला.

‘आणि नाना?’ ती म्हणाली. ‘नानासाब खेत...’

‘मनऽ तो कयो थो, बई,’ गंगूबाई म्हणाली. ‘तुम हस्या.’

मग सगळं बाहेर आलं, आणि यावेळी आत्याने मनाने काही भरलं नाही, प्रत्येक शब्द दोनदा विचारून घेतला. शेटजी आणि नाना विहिरीपाशी सौदा करत होते तेव्हा गंगूबाईचा नवरा बैल धरून तिथेच उभा होता. नोकर बैलांसारखाच, त्याला कान असतात हे नानाला आठवलं नाही. बाईला सांगावं म्हणून गंगूबाई आली, तर बाई पोट धरून हसली. म्हणजे बाईलाही माहीत आहे, बाईही सौद्यात आहे, असं तिने धरलं. मग आपलं काय? होळीनंतर नवा मालक ठेवेल की नाही कोण जाणे. म्हणून नवरा सिमरोलला काम शोधत होता, आणि ती रानातली बोरं हाटात विकून चार गोष्टी जोडत होती.

मला वाटलं आत्या आता इंदूरची बस धरणार आणि जुन्या इंदुरात भर चौकात नानाचं धोतर फेडणार. तसं काही झालं नाही. ती घरी आली, चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या. जिन्याखालच्या खोलीला चुना लावलाय का, एवढंच मला विचारलं. मी म्हटलं हो, कोळसा ठेवायला असेल. ‘मग कोळशासाठी नव्हता,’ ती म्हणाली.

जेवण झाल्यावर मी तिला म्हटलं की आपण बाबांना ग्वाल्हेरला तार करू. ती म्हणाली, ‘तुझ्या बापाला माहीत नसेल असं तुला वाटतं का?’ मी ताटं उचलू लागले. मग म्हणाली, ‘विकणाऱ्याला अडवून काय होतंय? कागद त्यांचे. घेणाऱ्याचं बघायला पाहिजे.’

नानाचा निरोप आधीच आलेला होता, रविवारी मित्राला घेऊन हुरडा खायला येतो म्हणून. दोन दिवस आत्याने घर सारवलं. विहिरीच्या काठाला चुना दिला. आंब्याखाली बाज टाकली, तिच्यावर आजोबांची सतरंजी. गंगूबाईला एकच बजावलं: शेटजी तुला बाजूला घेऊन काही विचारतील, खोटं बोलू नकोस, खरंही बोलू नकोस.

शेटजी आले. नानाकाका आधीपासूनच घामेजलेले, कारण आक्काला अजून माहीत नाही आणि शेटजींसमोर काय बोलावं ते त्यांना कळत नव्हतं. आत्याने गरम हुरडा वाढला, तिळगूळ दिला आणि बसता बसता म्हणाली, ‘शेटजी, शेत घेताय ना? घेऊन टाका. फार चांगलं केलंत.’

नानाकाकांच्या हातातलं कणीस थांबलं.

शेटजींनी मान डोलावली. जमीन तर बढिया दिखे आहे, म्हणाले. आत्या म्हणाली, बढिया म्हणजे काय, सोनं आहे. फक्त एक करा, होळीच्या आत कागद करून टाका.

‘इतनी जल्दी कायकू, बाईसाब?’

‘जल्दी? छे. जल्दी काही नाही.’ आत्याने पदर सारखा केला. ‘पण होळीच्या आत झालं तर बरं.’

शेटजींनी चावणं थांबवलं. उठून विहिरीपाशी गेले, वाकून बघितलं. पाणी हाताला लागेल इतकं वर, निळंशार. आत्या मागोमाग गेली.

‘गर्मी में पाणी रेवे के नी?’

‘शेटजी, पाणी तुमच्यासमोर आहे. मी कशाला सांगू? उद्या म्हणाल बाईने फसवलं.’

‘फिर भी.’

‘समोर दिसतंय ते खरं,’ आत्या म्हणाली. ‘उन्हाळ्याचं उन्हाळ्यात.’

नानाकाका मध्येच मोठ्याने म्हणाले की विहीर बारमाही आहे, आमच्या आजोबांपासून कधी आटली नाही. फार मोठ्याने म्हणाले. शेटजींनी त्यांच्याकडे बघितलं, मग विहिरीच्या काठाच्या ताज्या चुन्याकडे, मग आत्याकडे. आत्या नानाकडे अशी बघत होती, जशी आई खोटं बोलणाऱ्या मुलाकडे पाहुण्यांसमोर बघते. वास्तविक नाना एकटेच त्या घटकेला शंभर टक्के खरं बोलत होते.

शेटजींनी शेजाऱ्यांबद्दल विचारलं. आत्या म्हणाली, शेजारी उत्तम, कधी बोलत नाहीत. इतकी वर्षं राहिलात, सोडताना जिवाला लागत नाही का, विचारलं. ती म्हणाली, लागायचंय काय, सुटले म्हणायची. सामान बांधलंय मी. मग शेटजी लघवीला जातो म्हणून उठले आणि गोठ्यामागे गंगूबाईला गाठलं. मी गोठ्यातच होते, त्यामुळे हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. त्यांनी तिला अगदी गोड आवाजात विचारलं की बाई जमीन कशी आहे, पाणी कसं आहे, कोणाचा झगडा-टंटा आहे का.

‘मखऽ काई मालूम नी,’ गंगूबाई म्हणाली, आणि पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

याहून वाईट उत्तर मला तरी सुचलं नसतं. शेटजींनी उरलेला हुरडा खाल्ला नाही. सोचकर बताता हूँ, असं नानाला म्हणाले आणि टांग्यात जाऊन बसले. नाना त्यांना पोहोचवायला रस्त्यापर्यंत गेले, हातवारे करून काही सांगत होते. टांगा हलला तेव्हा नाना रस्त्यातच उभे होते.

परत आले ते आंब्याखाली न बसता उभेच राहिले.

‘आक्का, हे काय केलंस?’

‘मी काय केलं? मी तर तुझ्याहून चांगलं विकत होते. एक शब्द खोटा बोलले का, सांग.’

नानांना एक शब्द सापडेना. मग ते मोठ्या भावासारखे बोलू लागले, होते धाकटे तरी. कायदा, हाळी, तुझं वय, आजारी पडलीस तर, रात्री-बेरात्री काही झालं तर. तुझ्यासाठीच खोली नीट करून घेतली. पंखा लावणार होतो.

आत्याने ऐकून घेतलं. ती एरवी दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नसे, म्हणून मला आठवतंय.

‘खोली चांगली आहे, नाना,’ ती म्हणाली. ‘पण तिथे मी कोणावर लक्ष ठेवू?’

नानांना हसू आलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवलं. आणि ते नुसतं हसू नसावं, कारण बराच वेळ फिरवलेलं ठेवलं. मग छत्री उचलून सिमरोलकडे चालत निघाले.

गंगूबाई आणि तिचा नवरा राहिले. आत्याने त्यांच्यावर विश्वास टाकला, असं कोणी लिहिलं तर ते खोटं आहे. तिने फक्त निमाडी शिकून घेतली, म्हणजे आता गंगूबाईचं गाणंही तिला कळायचं आणि त्यातल्या सासूच्या शिव्या आपल्यालाच आहेत असं तिचं म्हणणं होतं. शेटजींकडून काही कळलं नाही. पण कापूस बाजारात बोललं गेलं असावं, कारण त्यानंतर नानाने आणखी दोघांकडे शब्द टाकला आणि दोघांनीही आधी विहिरीचं विचारलं. एकाने तर विचारलं, तिथे काही मेलंबिलं होतं का.

चैत्रात कचेरी ग्वाल्हेरहून इंदूरला आली, तिच्याबरोबर बाबा. त्यांनी आठवडाभर कोणाला काही विचारलं नाही. मग एका रविवारी मला बरोबर घेऊन शेतावर गेले. आत्याने पन्हं दिलं. बाबांनी पन्हं संपवलं, इकडचं तिकडचं बोलले, गव्हाचं विचारलं. शेवटी विहिरीकडे बघत, सहज विचारल्यासारखं म्हणाले, ‘काय गं आक्का, उन्हाळ्यात ही खरंच आटते का?’

लहानपणी ते त्याच विहिरीत पोहायला शिकले होते. वैशाखात.

‘तुला काय वाटतं?’ आत्या म्हणाली, आणि भांडं उचलून आत गेली.

बाबा उठून काठापर्यंत गेले. बराच वेळ वाकून बघत राहिले.